हसनमिया, चीक माझा होता

हसनमिया, परवा भर दुपारी हातखंब्याला माझी मोटार बंद पडली आणि मला इतका आनंद झाला, की चहावाल्याला वाटलं, वकिलाच्या डोक्यात ऊन गेलं. तो बिचारा तांब्याभर पाणी घेऊन धावत आला. मी ते पाणी डोक्यावर न घेता मोटारीच्या नळीवर ओतलं, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

त्या आनंदाचं कारण ज्याला सांगावं असा रत्नागिरीत एकच माणूस होता आणि तो सतरा दिवसांपूर्वी निघून गेला. काही न बोलता. तुमचा हा स्वभाव मला कधीच आवडला नाही. इंजिन उघडून बसायचात, अर्धा अर्धा तास तोंडातून शब्द नाही, आणि मग एकदम हात पुसत उठायचात, "झालं." तसेच गेलात.

तुमचं झालं, माझं राहिलंय. पाच वर्षांचा एक कबुलीजबाब माझ्याकडे पडून आहे. "काही कबूल करू नकोस" एवढं एक वाक्य अशिलांना सांगण्यावर ज्याचं घर चालतं, त्याने कबुलीजबाब लिहायचा म्हणजे कोळ्याने जाळ्यातली सुरमई परत पाण्यात सोडण्यापैकीच आहे. पण सोडतो. ऐका.

मोटार मी मुंबईहून आणली तेव्हा ती चांगली होती. लढाईच्या आधीची, काळी, जरा पोक काढून उभी राहणारी; पण चांगली. दोष एकच. विमल पहिल्यांदा तिच्यात बसली ती नाकाला पदर लावून, आणि मारुती मंदिर येण्याआधीच म्हणाली, "ह्यात पेट्रोलचा वास येतो. मला मळमळतंय. मी चालत येते." लग्नाची बायको बाजूने चालतेय आणि नवरा मोटारीतून तिच्या वेगाने सरकतोय, ही आमची वरात अख्ख्या रत्नागिरीने पाहिली.

घरी येऊन मी टाकीचं झाकण काढलं. बघतो तर झाकणाला भोक! सुई जाईल एवढं बारीक, पण भोक. मला त्या विलायती कारखानदारांची कीव आली. एवढी मोटार बांधली आणि झाकणाला भोक ठेवलं. आता भांड्याला भोक पडलं तर आपल्याकडे माणूस काय करतो? परसात जातो. आमच्या फणसाला तेव्हा कुयऱ्या धरल्या होत्या. एक कोवळी कुयरी कापली, पांढराशुभ्र चीक घेतला, भोकात भरला, वरून चिमूटभर राख दाबली. चीक बसला की बसला. वास गेला, विमल बसली, आणि मी स्वतःला रत्नागिरीचा पहिला मोटार-शास्त्रज्ञ समजू लागलो. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात तिचं ते दुखणं सुरू झालं. आणि हसनमिया, शपथेवर सांगतो, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या मनात आलंच नाही. असा पुरावा समोरच्या वकिलाने आणला असता तर मी बाकावर चढून ओरडलो असतो.

सकाळी थंड असली की अर्ध्या हँडलात चालू. आठ मैल गेली, तापली आणि थांबवली, की पुन्हा चालू होणं नाही. पाऊण तास हँडल मारा, देवाचं नाव घ्या, जोशात या, रडा; ती आपली निवांत. निवली की मग पहिल्या फटक्यात चालू, जसं काही झालंच नाही. त्यामुळे मी ज्याच्या दारात पाच मिनिटांसाठी जाई त्याच्याकडे तासभर बसू लागलो. लोक म्हणत, मोटार घेतल्यापासून वकील फार माणुसकीचे झाले. मी इतकं कोकम सरबत प्यालो, की माझी लघुशंकाही लाल होईल की काय अशी मला शंका येई.

तुम्ही तेव्हा नुकतेच बोटीवरून उतरला होतात. नाटे गावचे तुम्ही, मिसरूड फुटायच्या आधी आगबोटीच्या इंजिनघरात शिरलात आणि वीस वर्षांनी वर आलात. राजिवड्याला झापांचं छप्पर घालून तुम्ही मोटार दुरुस्तीचं दुकान मांडलंत, कारण हलिमाभाभींनी बजावलं होतं, "ह्या वेळी बोटीसाठी पेटी भरलीत तर परत आल्यावर दार तुमचं तुम्हीच उघडा." पण दुकानाला गिऱ्हाईक नव्हतं. दत्तूशेठकडे माशांच्या आणि आंब्यांच्या दोन लॉऱ्या. तो पिंपळाखाली बसून सगळ्यांना सांगे, "बोटीचा मिस्त्री मोटारीला काय करणार? नांगर टाकील!" आणि गाव हसे. शेवटी एकदा म्हणाला, "आधी वकिलाची मोटार बरी करून दाखव म्हणावं. मग माझ्या लॉऱ्यांना हात लावू देतो."

म्हणजे तुम्ही जमिनीवर राहणार की पुन्हा समुद्रावर जाणार, हे माझ्या मोटारीवर येऊन ठेपलं. आणि माझी मोटार एका फणसावर.

आपली पहिली मुलाखत आठवते?

"काय होतंय हिला?"

"गरम झाली की रुसते."

"चालता चालता, की थांबल्यावर?"

"थांबल्यावर. कुवारबावच्या चढणीला जरा खोकते, एवढंच."

"मग तुम्ही काय करता?"

"शिव्या देतो."

"मराठीत?"

"इंग्रजीत. गाडी विलायती आहे ना."

"मग तिथंच चुकतंय," तुम्ही म्हणालात. "इतके दिवस कोकणात राहिली ती. आता तिला इंग्रजी कुठं कळतंय?"

त्या क्षणी मी तुमचा झालो.

तुमच्या आधी दोघा-तिघांनी ती पाहिली होती, पण सगळ्यांनी सकाळी, थंड असताना. तुम्ही म्हणालात, "आजारी असताना वैद्याला दाखवायची. बरी झाल्यावर नाडी बघून काय मिळणार?" मुद्दाम उन्हात तिला कुवारबावापर्यंत पिटाळलीत, कातळावर नेऊन बंद केलीत आणि ती चालू होईना, तेव्हा खुशीत येऊन हातांवर हात चोळलेत. "आता बघतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात वकीलसाहेब. वारा, तेल, आग. तिघांतला कोण गैरहजर आहे तेवढं शोधायचं."

वारा हजर होता. आग बघण्यासाठी तुम्ही प्लगची तार माझ्या हातात दिलीत आणि हँडल मारलंत. मी कातळावर जो उडालो, तो मला वाटतं पावस गावापर्यंत दिसलो असेन.

"आग हाय," तुम्ही शांतपणे म्हणालात.

मग कार्बोरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवलीत, पुन्हा हँडल. नळीतून पेट्रोल नाही. नुसते बुडबुडे, उचकी लागल्यासारखे. तुम्ही नळीला हात लावलात, चटका बसला, आणि तुम्ही हसायला लागलात. आधी गालात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं?"

"वाफ! नळी सायलेन्सरला चिकटून गेलीय. गाडी थांबली की पेट्रोल नळीतच उकळतं. त्याची वाफ होते, ती वाट अडवून बसते." आणि डोळे पुसत म्हणालात, "वीस वर्षं मी वाफेची चाकरी केली, वकीलसाहेब. तिच्यापासून पळून जमिनीवर आलो. तर ही बया माझ्या आधी इथं येऊन बसलेली!"

इलाजही तुम्ही बोटीचाच केलात. तिथे वाफेच्या नळीला दोर गुंडाळतात, आतली आग बाहेर जाऊ नये म्हणून. तुम्ही म्हणालात, इथं बाहेरची आत येऊ द्यायची नाही, एवढाच फरक. भाभींनी वळलेला काथ्या आणलात, नळीवर तीन पदर आवळून गुंडाळलात आणि शेवटी जाळं विणतात तशी गाठ मारलीत. आम्हा वकिलांचा जन्म काथ्याकूट करण्यात जातो, पण काथ्या कशासाठी असतो हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग ती परीक्षा. दत्तूशेठ मागच्या बाकावर पंच म्हणून बसले. हातखंब्याला गेलो, मोटार बंद केली, चहा प्यालो, आणि तुम्ही हँडल मारलंत. मारलंत. पुन्हा मारलंत. मोटार ढिम्म. दत्तूशेठ बशीत चहा ओतत म्हणाले, "मिस्त्री, नारळ मोटारीसमोर फोडायचा असतो. मोटारीला बांधायचा नसतो."

सगळा नाका हसला. मीही हसलो, हसनमिया. कबुलीजबाब द्यायचाच तर हेही त्यात येऊ दे. तुम्ही हसला नाहीत. पाऊण तास मोटारीकडे पाठ करून उभे राहिलात, आणि परतीच्या वाटेवर एवढंच म्हणालात, "माझं कुठं चुकलं ते मला कळत नाय. आणि जे कळत नाय ते काम करू नये माणसानं."

तिसऱ्या दिवशी हलिमाभाभी आमच्या मागच्या पडवीत विमलजवळ बसून गेल्या. काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, "माळ्यावरची पेटी खाली काढलीय त्यांनी. फडक्यानं पुसतायत."

मी काय करणार होतो? मी मोटार घेऊन बाहेर पडलो, कारण वाईट वाटलं की मी बाहेर पडतो. वाटेत पेट्रोल संपत आलं म्हणून पंपावर थांबलो आणि झाकण फिरवलं. इतके दिवस पेट्रोल मी नेहमी सकाळी, निघण्याआधी भरत असे. त्या दिवशी प्रथमच मोटार चालून तापलेली असताना झाकण उघडलं. आणि झाकण म्हणालं, "हुप्प!"

लहान पोर आमरस ओरपतं ना, अगदी तसा आवाज. टाकीने एक मोठा, आतपर्यंतचा श्वास घेतला. तीन महिन्यांनी पहिला.

मी झाकण उलटं केलं. माझा चीक तिथे होता. काळा, चिवट, इमानी. पेट्रोलने मऊ झाला होता पण जागा सोडली नव्हती. आणि माझ्या डोक्यात, जिथे तीन महिने वाफच भरलेली होती, तिथे लख्ख उजेड पडला. ते भोक चुकून राहिलेलं नव्हतं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढा वारा आत यायला हवा. मी तिचं नाक दाबून धरलं होतं. तुम्ही नळीला रजई पांघरली, पण गळा माझ्या हातात होता.

विमलच्या केसांतला आकडा मोटारीत पडलेला होता. त्याने ते भोक कोरून काढलं. चीक दहाही बोटांना लागला. त्याच हातांनी चाक धरून राजिवड्याला आलो. तुम्ही खरंच पेटी पुसत होतात.

"चला, पुन्हा एकदा हातखंबा."

"कशाला? आणखी एक नारळ फुकट घालवायला?"

"खाली हरलो तर वर अपील असतं, हसनमिया. वकील मी आहे, तुम्ही नाही."

तुम्ही उठलात ते माझ्या दयेने, हे मला माहीत आहे. दत्तूशेठला पुन्हा मागे बसवला. ऊन तेच, चढण तीच, चहा तोच. मोटार बंद केली. चहा प्यालो. तुम्ही हँडलला हात घातलात, आणि अर्ध्या फेऱ्यात ती चालू झाली. बंद केली, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा दत्तूशेठने स्वतः हँडल मारलं, आणि ती त्यालाही बधली.

मी टाळ्या वाजवायला गेलो तर माझे तळवे एकमेकांना चिकटले.

"वकिलांच्या हाताला काय झालं हो?" दत्तूशेठने विचारलं.

"चीक लागलाय. फणस कापला होता."

"आज?"

"आज."

तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंत. मग मोटारीच्या मागच्या बाजूला पाहिलंत. मग पुन्हा माझ्या हातांकडे. आणि म्हणालात, "खोबरेल लावा. पाण्यानं नाय जायचा."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. जीभ दातांपर्यंत आली होती. पण सगळा नाका तुमच्याकडे बघत होता, दत्तूशेठ म्हणत होते, "उद्यापासून लॉऱ्या तुझ्याकडे," आणि पाच मिनिटांपूर्वी हरलेला माणूस चहाचा दुसरा कप मागत होता. त्या वेळी "थांबा, हे काथ्याने नाही झालं, चीक काढल्याने झालं," असं कसं म्हणू? मी स्वतःला सांगितलं, मित्राची अब्रू झाकतोय. खरं तर स्वतःचीही झाकत होतो, पण वकील दोन्ही बाजूंची फी घेतो कधी कधी.

पुढे तर सांगणं अवघडच होत गेलं. पेटी पुन्हा माळ्यावर गेली. तुमचा काथ्या प्रसिद्ध झाला. रत्नागिरीतली एक मोटार, एक लॉरी तुम्ही सोडली नाहीत. राजापूरहून लोक येऊ लागले. दर श्रावणात मी जानवं बदललं की दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात. "तुमची श्रावणी झाली, आता हिची!" म्हणून जुना काथ्या काढून नवा गुंडाळायचात. विमल तुम्हाला खीर द्यायची, आणि मी, जळता निखारा पोटात घेऊन, तुम्हाला डिवचायचो.

"काथ्यात काही नाही हो, हसनमिया. नशीब तुमचं."

"मग काढून बघा."

"काढीन एक दिवस."

"काढा ना. भर वैशाखात काढा. मी येतो चहा प्यायला."

पाच वर्षं हा वाद चालला. मला मनातून खात्री होती की मीच खरा. काथ्या नुसती शोभा आहे, रोग माझ्या चिकाचा होता. पण काढून बघायची छाती झाली नाही. मी जिंकलो असतो तर तुम्ही हरला असतात.

मग तुम्ही गेलात. जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, भाभींनी मला आतल्या दाराशी बोलावलं. डोळे सुजलेले, पण आवाज पक्का. म्हणाल्या, "वकीलसाहेब, दुकान माझा भाऊ चालवील म्हणतो. त्याला काम येतं. पण लोक काथ्या मागायला येतील. त्यात खरंच काय असेल तरच देईन. नायतर दुकानावरची पाटी उतरवीन. खोट्यावर नाय चालवायचं मला त्यांचं नाव. मी ह्यांना किती वेळा विचारलं, त्या मोटारीला नक्की काय केलंत? तर म्हणायचे, मला नको विचारू, वकिलाला विचार."

मला विचार! हसनमिया, हे तुम्ही बरं नाही केलंत. साक्षीदार म्हणून बोलावलंत आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत.

मी म्हटलं, "थोडे दिवस द्या."

म्हणून परवा, भर चैत्रात, बॉनेट उघडलं आणि तुमचा काथ्या काढायला घेतला. गाठ सुटेना. नखं लावली, दात लावले. ती तुमची शेवटची गाठ होती हे दात लावल्यावर लक्षात आलं आणि मग जरा वेळ मला काही दिसेना. शेवटी विमलने सुरी आणून दिली. कापलेला काथ्या तिने उचलून तुळशीपाशी ठेवला, मी ठेवला नसता असा नीट.

नळी उघडी. झाकण मोकळं. चीक नाही, काथ्या नाही. भर उन्हात हातखंबा. बंद केली. चहा प्यालो, एकटाच. तुम्ही येतो म्हणाला होतात. मनात भाभींना सांगायचं वाक्य जुळवत होतो, आणि ते कसंही जुळवलं तरी पाटी उतरत होती. मग उठून हँडल मारलं.

ढिम्म.

पुन्हा मारलं. ढिम्म! नळीला हात लावला, चटका बसला. नळी सोडवली, हँडल मारलं, आणि बुडबुडे! तेच, उचकी लागल्यासारखे! मी तिथे कंबरेवर हात ठेवून इतका हसलो, की तो चहावाला तांब्या घेऊन धावला, ते वर सांगितलंच. पाणी ओतलं, नळी निवली, मोटार चालू. येताना एका झोपडीतून काथ्या मागून घेतला आणि स्वतः गुंडाळला. काय गुंडाळलाय! पक्ष्याने अर्धवट सोडलेलं घरटं बरं. पण उन्हं कलायच्या आत परत हातखंबा, परत चहा, आणि अर्ध्या हँडलात चालू.

म्हणजे रोग दोन होते. माझा चीक होताच. पण वाफही होती; मोटार थंडीत आणली म्हणून आधी दिसली नव्हती, एवढंच. तुमचं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, इलाज बरोबर होता. फक्त मी वर बसून नाक दाबत होतो. पाच वर्षं मी एका गुपिताचं ओझं वाहिलं, की माझ्या मित्राची कीर्ती पोकळ आहे. आणि पोकळ निघालं काय, तर माझं गुपित! माझ्या सगळ्या फजित्यांत ही पहिल्या नंबरची, आणि हिच्याइतकी मला कुठलीच आवडलेली नाही.

तसाच राजिवड्याला गेलो. भाभींना सगळं सांगितलं. कुयरी, भोक, आकडा, हातखंब्याचं हसणं, सगळं. "पाटी राहू द्या," म्हटलं. "काथ्या शंभर टक्के खरा आहे. खोटा मी होतो."

त्या सुपारी कातरत ऐकत होत्या. कातरून झाली. मग तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. म्हणाल्या, "मग? खोबरेल लावलंत का? हाताचा चीक गेला एकदाचा?"

खोबरेलाचं मी त्यांना काही बोललो नव्हतो.

हसनमिया, इतकी वर्षं मी समजत होतो, मी तुमचं झाकतोय. तुम्ही हातखंब्याला माझ्या बोटांकडे एकदा पाहिलंत, घरी येऊन भाभींना त्या चिकाचं तेवढं सांगितलंत, आणि दर श्रावणात आमच्या ओट्यावर बसून खीर खात, मी कधी बोलतो म्हणून वाट पाहिलीत. "काढून बघा," म्हणत होतात ते काथ्याला नव्हे.

काढलं. सगळं बाहेर काढलं. आता मोकळा वारा येतोय.

गाठ मात्र मला अजून जमत नाही. भाभी म्हणाल्या, श्रावणीच्या दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन या, शिकवते. विमल खीर करून देणार आहे.